कापलेले हाड परत वाढते का?

मध्यंतरी एक गृहस्थ दवाखान्यात आले. सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर थांबले आणि मग खिशातून दोन फोटो काढून टेबलावर ठेवले. एक जुना, मुलाचा. दुसरा नवा. मुलगा म्हणून वाढलेले त्यांचे अपत्य आता मुलगी म्हणून जगते. चार महिन्यांपूर्वी तिने चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतली होती. "डॉक्टरसाहेब, पहिल्यासारखे करून मिळेल का?" त्यांनी विचारले. (बाप-लेकीच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने हे लिहीत आहे.)

वाचकहो, पुरुषी ठेवणीचा चेहरा बायकी करण्याच्या या शस्त्रक्रियांचा पाया १९८० च्या दशकात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन डॉ. डग्लस ऑस्टरहाउट यांनी घातला. त्यात भुवयांवरचा हाडाचा उंचवटा कमी करतात, नाक नाजूक करतात, जबड्याचे कोन व हनुवटी तासतात, कंठमणी लहान करतात. हे सारे उलटे फिरवता येते का?

थोडक्यात उत्तर असे की, काही अंशी भर घालता येते; मूळचे परत आणता येत नाही. मोठ्या माणसाचे तासलेले हाड पुन्हा पूर्वीच्या आकारात वाढत नाही. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेऊनही नाही. हार्मोन्सने चरबी व त्वचा थोडीफार बदलते, हाडाचा साचा बदलत नाही.

कपाळाला उंचवटा हवा असेल तर हाडाचे सिमेंट किंवा मापाने बनवलेला कृत्रिम भाग बसवतात. मात्र तिथे हाडामागे सायनसची पोकळी असते. ती उघडी राहिली तर जंतुसंसर्गाचा धोका असतो. जबड्यालाही सी.टी. स्कॅनवरून मापाचे इम्प्लांट करता येते. हनुवटीचे हाड कापून पुढे सरकवता येते. नाक व कंठमणी यांसाठी बरगडीची कुर्चा वापरतात, म्हणजे छातीवर आणखी एक व्रण. ओठ वर घेताना काढलेली त्वचा परत मिळत नाही. इलेक्ट्रोलिसिसने कायमची घालवलेली दाढी हवी असल्यास डोक्याचे केस रोपण करावे लागतात.

शिवाय दुसऱ्यांदा चिरलेल्या जागी आतले व्रण चिकटलेले असतात. नस दुखावून बधिरपणा कायम राहू शकतो. इम्प्लांटमध्ये पू झाला तर ते काढावे लागते. खर्चही पहिल्यापेक्षा कमी असेलच असे नाही.

म्हणून घाई नको. सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आरशात दिसतो तो चेहरा अंतिम नव्हे. या काळात मन खचले तर मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावे. पुढे दुरुस्ती ठरलीच, तर पहिल्या ऑपरेशनचे कागद, स्कॅन व जुने फोटो घेऊन चेहऱ्याच्या हाडांचे काम जाणणाऱ्या प्लास्टिक किंवा मॅक्सिलोफेशियल सर्जनकडेच जावे. आणि शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, त्यांनी सर्जनला आधीच विचारावे : यातले काय परत फिरवता येणार नाही?

लिंगबदलाशी संबंधित शस्त्रक्रियांवरच्या २७ अभ्यासांचा आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात पश्चात्तापाचे प्रमाण सुमारे १ टक्का आढळले. प्रमाण कमी म्हणून त्या एकाचे दुःख हलके होत नाही. त्यालाही टोमणे नव्हे, उपचारच मिळाले पाहिजेत.

हे सारे सांगून झाल्यावर मी त्या गृहस्थांना विचारले, "पण हे तिने विचारले आहे का?" ते गप्प झाले. आठ दिवसांनी तिला घेऊन आले. तिला चेहरा बदलून नको होता. तिची तक्रार एवढीच होती, की कपाळ अजून बधिर लागते. तपासून मी सांगितले, ही संवेदना बहुधा हळूहळू परत येईल. सर्जनलाही एकदा दाखवून या.

निघताना वडिलांनी टेबलावरचे दोन्ही फोटो उचलले आणि एकाच पाकिटात ठेवले.