मार्चमध्ये हजार, ऑगस्टमध्ये ४९५!

ऑफिसात कुणीतरी कालच लाँच झालेला फोन घेऊन येतो. आपण तो हातात घेतो, मनातल्या मनात ईएमआय मांडतो आणि म्हणतो, 'थांबू सहा महिने, किंमत उतरेल.' १९५४ साली अमेरिकेत हा हिशेब अगदी तंतोतंत खरा ठरला होता. वस्तू होती कलर टीव्ही.

त्याआधीची मारामारी तर भन्नाटच. सीबीएसने ब्लॅक अँड व्हाइट पडद्यासमोर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची चकती मोटरवर गरगर फिरवून रंग दाखवले. मिनिटाला १,४४० फेरे! रंग सुरेख दिसायचे, १९५० मध्ये सरकारी मान्यताही मिळाली. पण चकती पडद्याच्या दुपटीहून मोठी लागायची. म्हणजे मोठा पडदा हवा, तर हॉलमध्ये जणू पंखाच उभा करायचा. खरी गोची वेगळीच होती. घराघरांतल्या कोटीभर जुन्या सेट्सवर हे कार्यक्रम दिसतच नव्हते. जून १९५१ मध्ये पहिलं व्यावसायिक प्रक्षेपण झालं, तेव्हा ते बघू शकणारे सेट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ऑक्टोबरात कोरियन युद्धाचं निमित्त होऊन कलर सेटचं उत्पादन थांबलं आणि खेळ खल्लास.

आरसीएचे डेव्हिड सार्नॉफ टपूनच बसले होते. त्यांच्या इंजिनीअर्सनी चकतीला फाटा दिला. ट्यूबमध्येच तीन इलेक्ट्रॉन गन, पुढे बारीक भोकांचा पत्रा आणि पडद्यावर तीन रंगांचे ठिपके. शिवाय नवं प्रक्षेपण जुन्या सेटवर ब्लॅक अँड व्हाइट का होईना, दिसायचं. डिसेंबर १९५३ मध्ये या पद्धतीला मान्यता मिळाली.

दुकानात आधी पोचली वेस्टिंगहाउस, १,२९५ डॉलरचा सेट घेऊन. गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. मार्चअखेर इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनच्या कारखान्यातून आरसीएचा 'सीटी-१००' निघाला. किंमत १,००० डॉलर. तेव्हा मध्यम अमेरिकन कुटुंबाची वर्षाची कमाई होती साधारण ४,२०० डॉलर. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची मिळकत ओतायची, ती १५ इंची ट्यूब आणि मोजक्या रंगीत कार्यक्रमांसाठी. हौसेला मोल नसतं म्हणा! पण ऑगस्टमध्ये आरसीएनेच किंमत ४९५ वर आणली. मार्चमध्ये घेणाऱ्याच्या घरी त्या रात्री काय बोलणं झालं असेल, कल्पना करा.

झेनिथसारखी दादा कंपनी तर १९६१ पर्यंत रंगाच्या वाटेला गेलीच नाही. आरसीए मात्र चिकटून राहिली. स्वतःच्याच एनबीसी वाहिनीवर १९५९ पासून 'बोनान्झा' रंगात दाखवत तिने सेट खपवले. आपल्याकडे रंग आले ते थेट १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी.

आणि तो मार्चवाला? त्याचा सेट माळ्यावर पडून राहिला असेल, तर संग्राहक आज त्याच्या नातवंडांच्या दारात उभे राहतील. पहिला प्रश्न एकच असेल : पिक्चर ट्यूब चालू आहे का? बहुतेक ट्यूब्समध्ये कधीच हवा शिरलीय.