पाण्याखालची कपेल आणि मे महिन्यातील फेस्त



आपल्या जोयडा तालुक्याचे जुने नाव सुपा, हे मोठ्या माणसांना सांगावे लागत नाही. लहानांना मात्र सांगावे लागते. काळी नदीवर गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे धरण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचा कारभार जोयड्याला आला आणि विस्थापितांसाठी रामनगर वसले. आपल्या शाळेतील कित्येक मुलांचे आजी-आजोबा त्या पाण्याखालच्या मुलखातले आहेत. म्हणून या अंकात घाटापलीकडच्या अशाच एका गावाविषयी, आणि विशेषतः तिथल्या एका लहानशा ख्रिस्ती प्रार्थनास्थळाविषयी लिहीत आहे.

हे गाव म्हणजे गोव्याच्या सांगे तालुक्यातील कुर्डी. संगीताची आवड असणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेलच. जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली याच गावी झाला. किशोरी आमोणकर या त्यांच्या कन्या. साळावली नदीच्या काठी दोन डोंगरांच्या मध्ये वसलेल्या या गावात भातशेती होती, नारळ, काजू, आंबा, फणस यांची झाडे होती. तीन हजारांच्या आसपास वस्ती होती आणि त्यात हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान सारेच होते. देवळे होती, तशी ख्रिस्ती कुटुंबांची एक कपेलही होती.

कपेल म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. गोव्यात मोठ्या चर्चला इगर्ज म्हणतात. तिथे पाद्री कायम राहतो आणि आजूबाजूचे सगळे वाडे तिच्या कक्षेत येतात. कपेल ही त्या वाड्याची घरगुती जागा. तिला स्वतःचा पाद्री नसतो. मिस्सेसाठी, म्हणजे मुख्य उपासनेसाठी, तो बाहेरून येतो. एरवी कपेलीची झाडलोट, दिवाबत्ती, रंगरंगोटी हे सारे वाड्यातील माणसेच पाहतात. वर्षातून एकदा तिच्या संताच्या किंवा मातेच्या नावाने फेस्त होते. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे प्रार्थना चालते. काही ठिकाणी संध्याकाळी लादाईन म्हणतात. ही सामुदायिक प्रार्थना पाद्र्याशिवायही म्हणता येते आणि ती संपल्यावर उकडलेले चणे वाटण्याची गोव्यात जुनी चाल आहे. आपल्याकडे आरतीनंतर खिरापत वाटतात, तसेच हे.

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. त्यानंतर दक्षिण गोव्याला पिण्यासाठी, शेतीसाठी आणि उद्योगांसाठी पाणी हवे म्हणून साळावलीवर धरण बांधायचे ठरले. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः कुर्डीत जाऊन लोकांना भेटले होते. तुम्ही गाव सोडलेत तर साऱ्या दक्षिण गोव्याचे भले होईल, असे त्यांनी सांगितले. लोकांनी ऐकले. सहाशेहून अधिक कुटुंबे वाडे आणि वालकिणी येथे जाऊन राहिली. १९८६ पर्यंत पाणी गावावर आले होते.

गावातील कदंबकालीन महादेवाचे देऊळ मात्र वाचले. पुरातत्त्व खात्याने त्याचा एकेक दगड सुटा केला, धरणाजवळ सुमारे १७ किलोमीटरवर नेला आणि तिथे देऊळ पुन्हा जोडले. या कामाला अकरा वर्षे लागली. हे काम मोठे आहे आणि ते जरूर पाहावे. पण गावातील सगळ्याच देवस्थानांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. सोमेश्वराचे देऊळ आणि कपेल यांच्या जागा पाण्यातच राहिल्या.

आता गंमत पाहा. धरणाचे पाणी वर्षभर एका पातळीला राहत नाही. पावसाळ्यात जलाशय भरतो. मग नळांना आणि कालव्यांना पाणी सोडले जाते, उन्हाने वाफ होते आणि पातळी हळूहळू उतरते. धरणाच्या भिंतीजवळ पाणी खोल असते, वरच्या अंगाला उथळ. त्यामुळे उथळ भाग आधी उघडा पडतो. एप्रिल-मे मध्ये कुर्डीची जमीन वर येते. घरांची जोती, तुटकी भांडी, पाण्याचे मार्ग, झाडांचे वाळलेले बुंधे दिसू लागतात. भेगाळलेल्या गाळातून जुनी माणसे पोरांना हाताने दाखवतात, हे आपले अंगण, ही विहीर.

याच मे महिन्यात कुर्डीचे ख्रिस्ती लोक एकत्र येतात आणि आपल्या कपेलीचे फेस्त करतात. हिंदू लोक सोमेश्वराचा उत्सव करतात. गोव्यात मे हा तसाही फेस्तांचा महिना. शेते मोकळी असतात, परगावी नोकरीला असलेले रजेवर घरी येतात, पावसाळ्याची पुरुमेंत म्हणजे बेगमी चाललेली असते. कुर्डीत या साऱ्याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. जूनमध्ये पाऊस लागला की जागा पुन्हा बुडते.

हंगामी चर्च म्हटले की आपल्याला माथेरानसारखी थंड हवेची ठिकाणे आठवतात. इंग्रजांच्या काळात साहेब मंडळी उन्हाळ्यात बंगल्यांत राहायला येत, तेव्हा तिथली चर्चे गजबजत. मंडळी उतरली की सामसूम. तिथे हंगाम माणसे ठरवीत होती. इथे तो पाणी ठरवते, आणि येणारे पाहुणे नसून घरचेच आहेत.

काही पालक विचारतील, इमारत धड नसेल तर उपासना कशी होणार? कॅथलिक रीतीत गरज पडल्यास मिस्सा उघड्यावरही करता येते. त्यासाठी पाद्री हवा, योग्य टेबल हवे, त्यावर पांढरे कापड हवे, भाकर आणि द्राक्षारस हवा. आणि अर्थात माणसे हवीत. छप्पर असलेच पाहिजे असे नाही.

आपल्याच कर्नाटकात हासन जिल्ह्यात शेट्टीहळ्ळी येथे १८६० च्या सुमारास फ्रेंच मिशनऱ्यांनी बांधलेले एक चर्च आहे. हेमावती धरणामुळे तेही पावसाळ्यात अर्धे बुडते आणि उन्हाळ्यात मोकळे होते. त्याच्या उंच भिंती फार देखण्या आहेत. दुरून दुरून लोक छायाचित्रे काढायला जातात. कुर्डीच्या कपेलीला ते रूप नाही. तरीही माझ्या मते दोहोंपैकी जिवंत कोण, हे विचाराल तर मी कुर्डीकडे बोट दाखवीन.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. ज्या पाण्यासाठी गाव सोडले, ते पाणी आपल्याला नीट मिळाले नाही, अशी वाड्याला वसलेल्या लोकांची तक्रार आहे. उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. म्हणजे जलाशय उतरून जुने गाव दिसते, त्याच दिवसांत नव्या गावात पाण्याची ओढाताण. सुप्याच्या कुटुंबांना हे वेगळे समजावायला नको. दुसरी चिंता वयाची आहे. १९८६ साली जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज पन्नाशीच्या घरात आहे. ज्यांनी कपेलीची घंटा कानांनी ऐकली, ती पिढी आता म्हातारी होत आहे, आणि फेस्ताला येणाऱ्या नातवंडांनी ते गाव फक्त उन्हाळ्यातच पाहिले आहे.

मे मध्ये आपली शाळा सुटीवर असते, त्यामुळे शाळेची सहल नेता येणार नाही. पालकांनी आपल्या मुलांना जरूर न्यावे. रामनगरहून अनमोड घाट उतरून मोलेमार्गे सांगे गाठता येते. सकाळी लवकर पोचावे, कारण तिथे सावली नाही. पिण्याचे पाणी आणि टोप्या बरोबर घ्याव्यात, पायांत बूट असावेत. ओल्या गाळात मुलांना सोडू नये. फेस्ताचा दिवस असेल तर प्रार्थना चालू असताना छायाचित्रे काढू नयेत, आणि जोत्यावरचा दगड किंवा खापर आठवण म्हणून उचलून आणू नये. ते कोणाच्या तरी घराचे आहे.