कबड्डी, व्हाया टोकियो

आमच्या घरात चाळीसेक वर्षं एक अलिखित नियम होता. टीव्हीवर कुठलाही सामना लागला की चॅनेल बदलायचं. वर्तमानपत्राचं खेळाचं पान मी कधी उलगडलंच नाही. 'लगान' अख्ख्या देशाने पाहिला, मी पाहिला नाही. 'चक दे'ही नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, मला नाही बाई त्यातलं कळत. ते खरं नव्हतं. मला कळत होतं म्हणूनच पाहायचं नव्हतं.

२०२१ सालचा मे महिना होता. करोनाची दुसरी लाट. दहिसरला पूर्वेला आमची दोन खोल्यांची जागा, त्यात आम्ही पाच माणसं. हमरस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिलेले, पण गाडी सुरू व्हायची होती. नातवाची दहावीची परीक्षा रद्द झालेली, त्यामुळे त्याला ना अभ्यास ना सुट्टी, अशी त्रिशंकू अवस्था. दिवसभर कानात ते बोंडूक घालून मोबाइलमध्ये डोकं. एका संध्याकाळी ते बोंडूक बिघडलं आणि आतल्या खोलीतून आवाज आला, 'कबड्डी, कबड्डी, कबड्डी'. सूर परका, शब्द आपला. माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"काय रे हे?"

"अ‍ॅनिमे आहे, आजी. कबड्डीवरचं."

"कबड्डीवर? जपान्यांनी?"

"हो. पण तू नको बघूस. स्पोर्ट्‌सचं आहे."

त्याला माझा नियम ठाऊक होता, त्यामागचं कारण ठाऊक नव्हतं.

आधी अ‍ॅनिमे म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना ती मुलांची कार्टून वाटतात. खुद्द जपानात अ‍ॅनिमे म्हणजे कुठलाही चलच्चित्रपट, हाताने किंवा संगणकावर रेखाटलेला. बाहेरच्या जगात मात्र हा शब्द जपानी चित्रांपुरताच वापरतात. आपण ती फार पूर्वीपासून पाहत आलो आहोत, फक्त नाव माहीत नव्हतं. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागायचं, गुलजारांचं गीत, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. तो मोगली निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी कंपनीने काढलेला होता. आमच्या चाळीतल्या एकाही पोराला त्याचा पत्ता नव्हता, मलाही नव्हता.

आता त्या कबड्डीकडे येते. मालिकेचं नाव 'शाकुनेत्सु कबड्डी-बु', म्हणजे धगधगता कबड्डी क्लब. हाजिमे मुसाशिनो यांच्या चित्रकथेवरून केलेली, बारा भागांची. २०२१च्या एप्रिल ते जूनमध्ये ती जपानी दूरचित्रवाणीवर लागली. नायक योइगोशी हा शाळकरी वयातला फुटबॉलचा तारा. पण हायस्कूलात येईपर्यंत त्याला खेळाचा वीट आलेला आहे. कुठल्याही क्लबात जायचं नाही असं ठरवून तो घरी बसून इंटरनेटवर स्वतःचा कार्यक्रम चालवतो. अशा मुलाच्या मागे शाळेतला कबड्डीचा क्लब लागतो. तो हसतो. हा कसला खेळ, तोंडाने नाव घ्यायचं आणि पळायचं? आणि मग एकदा मॅटवर उतरतो.

मी दारात उभी राहून पाहत होते. खेळ टाळणाऱ्या मुलाची गोष्ट, खेळ टाळणारी बाई पाहतेय. पंधरा मिनिटांनी मी खाली बसले. पोळ्या सुनेने केल्या.

हे माझ्याबाबतीतच झालं असं नाही. नातू सांगतो, त्याच्या वर्गातल्या मुली व्हॉलीबॉलवरची 'हाइक्यू' पाहतात, ज्यांनी कधी चेंडूला हात लावलेला नाही. खुद्द जपानात 'हिकारु नो गो' नावाची मालिका २००१ ते २००३ या काळात चालली. गो म्हणजे काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा जुना पटावरचा खेळ, म्हाताऱ्यांचा समजला जाणारा. मालिकेत एका मुलाला आजोबांच्या जुन्या पटात राहणारं शेकडो वर्षांपूर्वीचं भूत भेटतं आणि ते त्याला गो खेळायला लावतं. पोरं भुतासाठी बसली आणि गो शिकायला लागली. तिकडे गोच्या वर्गांना त्यामुळे मुलं येऊ लागली.

असं का होतं, याचा मी रिकामपणी बराच विचार केला. एक कारण त्यांच्या मासिकांत आहे. बहुतेक अ‍ॅनिमे आधी मांगा, म्हणजे चित्रकथा, म्हणून मासिका-साप्ताहिकांत क्रमशः येतात. ही नियतकालिकं विषयावरून नव्हे, वाचकावरून ओळखली जातात. मुलग्यांची वेगळी, मुलींची वेगळी, मोठ्या पुरुषांची, मोठ्या बायकांची वेगळी. १९६८ साली सुरू झालेलं 'शोनेन जंप' हे मुलग्यांचं. एकाच जाडजूड अंकात खेळाची गोष्ट, शेजारी भुताची, पलीकडे स्वयंपाकाची. वाचकाने एकीसाठी पैसे मोजलेले असतात, पण पान उलटताना दुसरीत अडकतो. आपल्याला हे नवीन वाटायला नको. आपला दिवाळी अंक दुसरं काय करतो? राशिभविष्य शोधता शोधता किती जणांना रत्नाकर मतकरींची गूढकथा भेटली असेल, आणि मग रात्री मोरीत जायची भीती वाटली असेल. गूढकथांचं पुस्तक त्यांनी दुकानात जाऊन कधीच घेतलं नसतं.

दुसरं कारण जरा तांत्रिक आहे, पण मला तेच जास्त पटतं. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. प्रत्येकीसाठी नवं चित्र काढायचं तर खर्च परवडत नाही. १९६३ साली ओसामु तेझुका यांनी 'अ‍ॅस्ट्रो बॉय' दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर आणायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी चित्रांची संख्याच कमी केली. एक चित्र तीन चौकटी टिकवायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. पुष्कळदा तर चित्र स्थिरच ठेवायचं, नुसते ओठ हलवायचे, किंवा तेही नाही, मागून आवाज. पैसे वाचवायला काढलेली ही युक्ती पुढे त्यांची शैली झाली. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळी चित्रकथी करतात, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना चटकन कळेल. पोथीतलं एक चित्र समोर धरायचं आणि गोष्ट आवाजाने चालवायची. चित्र हलत नाही, म्हणून ऐकणाऱ्याचं मन हलतं.

कबड्डीला ही रीत किती मानवते पाहा. चढाई असते तीस सेकंदांची. मैदानाबाहेरून पाहणाऱ्याला दिसतं काय, तर एक माणूस आत गेला, धुरळा उडाला, पंचाने हात वर केला. आत काय चाललं ते खेळणाऱ्यालाच ठाऊक. या मालिकेत ती तीस सेकंदं ताणून पाच-पाच मिनिटं केली आहेत. खेळाडूचा पाय मध्यरेषेवरून उचलला की चित्र थांबतं. त्याच्या मनात काय चाललंय ते तो सांगतो. कोपऱ्यातल्याचं वजन कुठल्या पायावर आहे, मधला हात का मागे घेतोय, दम किती उरलाय. मग पकडणारा काय विचार करतो तेही ऐकू येतं. जपानी प्रेक्षकाला हा खेळ अनोळखी, म्हणून प्रत्येक नियम बैजवार सांगावा लागतो. तिकडे चढाई करणाऱ्याला रेडर म्हणतात आणि पकडणाऱ्यांना अँटी.

दोष नाहीत असं नाही. खेळाडूंच्या अंगातून ज्वाळा काय निघतात, डोळे काय चमकतात. मधले दोन-तीन भाग रेंगाळतात. आणि मुली जवळजवळ दिसतच नाहीत, हे मला खटकलं.

हा खेळ जपानात गेला कसा, हेही नातवानेच विचारलं, आणि मला शोधावं लागलं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक केलं होतं. १९७९ मध्ये प्रा. सुंदर राम जपानला जाऊन हा खेळ शिकवून आले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी पदकांचा खेळ झाली, त्यामागे आपल्या बुवा साळवींचे केवढे कष्ट होते. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. आमच्या घरात तो कधी पाळला गेला नाही.

कारण सांगते म्हटलं होतं. माझा थोरला भाऊ, दादा, कबड्डी खेळायचा. सत्तरच्या दशकातलं दहिसर म्हणजे नदीकाठी भाताची खाचरं आणि मोकळी मैदानं. आमचे वडील अजून हुतूतूच म्हणायचे. दादा चढाईला जायचा. अनवाणी, मातीत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात रात्रीचे सामने. खेळावर नोकरी मिळायचा तो काळ होता. दादालाही एका कंपनीने शब्द दिला होता. १९७८च्या थंडीत एका सामन्यात तिघांनी मिळून त्याला धरलं आणि गुडघा फिरला. पुन्हा सरळ झाला नाही. कंपनीचा शब्दही फिरला. पुढे त्याने एका कारखान्यात भांडारपाल म्हणून आयुष्य काढलं. त्याच्या ढाली आणि पदकं आईने ट्रंकेत घालून माळ्यावर टाकली. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण त्यानंतर घरात खेळाचा विषय बंद झाला. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. त्याच्यासमोर सामन्याचं नाव काढायचं नाही, हे मी स्वतःच स्वतःला लावून घेतलं, आणि मग सवय झाली.

या मालिकेत राजेशाही खेळणारा एक कप्तान आहे, ओजो नावाचा. काडीसारखा बारीक, इस्पितळातून परत आलेला. तो पहिल्यांदा मैदानात उतरतो, तेव्हा मी नातवाला म्हटलं, थांबव जरा. त्याला वाटलं आजी कंटाळली.

पावसाळ्यात निर्बंध सैल झाल्यावर मी नातवाला घेऊन स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला दादाकडे गेले. पुलाच्या पायऱ्या चढताना चार वेळा वाटलं, परत जावं. चाळीसेक वर्षांची झाकपाक, ती एका कार्टूनपायी कशाला उघडायची? चहा झाला. नातवाने मोबाइल टीव्हीला जोडला. मी म्हटलं, "दादा, हे जरा बघतोस का? जपानी आहे."

पहिला भाग तो एक शब्द बोलला नाही. हात गुडघ्यावर होता, तो तिथेच राहिला. मी टीव्हीकडे पाहिलंच नाही, त्याच्याकडेच पाहत होते. दुसऱ्या भागात एका पकडीवर तो पुढे सरकला.

"चूक. घोटा असा धरतात होय? सटकणार तो." आणि तो सटकलाच.

नातू गर्रकन वळला. "मामाआजोबा, तुम्हाला कसं कळलं?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. "तू याला सांगितलं नाहीस?"

"नाही रे."

"का?"

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं मी त्याला जपत होते, की स्वतःला, हे मलाच सांगता येईना. मग दादाच म्हणाला, "अगं, मी रोज रात्री लावतो प्रो कबड्डी. तू आलीस की बंद करतो. तुला आवडत नाही म्हणून."

मग नातवाने प्रश्नांची फैर झाडली. दादा उठला, भिंतीला एक हात टेकून, आणि चढाईत पाय कसा सरकवायचा ते दाखवलं. तीन पावलांनी बसला. नातवाने विचारलं, "तुमची चढाई किती सेकंदांची असायची?"

"आमच्या वेळी कुठली सेकंदं? दम असेपर्यंत."

उलट दिशेची एक गंमतही सांगितली पाहिजे. या नातवाला पौराणिक म्हटलं की जांभया येतात. पण २०२५च्या जानेवारीत 'रामायण: द लिजंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट आपल्याकडे थिएटरांत लागला, तेव्हा तिकिटं त्यानेच काढली, अ‍ॅनिमे आहे म्हणून. युगो साको आणि कोइची सासाकी यांच्यासोबत आपले राम मोहन यांनी दिग्दर्शित केलेला, वनराज भाटियांचं संगीत असलेला हा चित्रपट १९९३च्या सुमारास तयार झाला होता. घरी येऊन त्याने मला कुंभकर्णाबद्दल इतकं विचारलं, की मला पुस्तक काढावं लागलं. मी आणि दादा मात्र तिथे रामायण म्हणून गेलो होतो. कार्टून पाहायला म्हणून कुणी बोलावलं असतं तर दादा आलाच नसता.

तर त्या दिवशी आम्ही चार भाग पाहिले. निघताना दादा दारापर्यंत आला.

"उरलेले रविवारी लावू. एकूण किती आहेत?"

"बाराच," नातू म्हणाला.

"बाराच?" दादा म्हणाला. "आणि पुढे? सामना तर अर्धाच झालाय." मग जिन्यावरून आम्हाला हाक मारून म्हणाला, "येताना माळ्यावरची ती ट्रंक घेऊन ये गं. किल्ली माझ्याकडे आहे."