अंतराळातील युद्धनौका आणि प्रारणाची नोंद

विज्ञानकथेतील लष्करी अंतराळनौकेवर प्रारणमापक बहुधा असतोच. परंतु त्याच्याकडे एकच काम सोपविलेले आढळते. ऐन क्षणी तो किंचाळतो, तांबडा दिवा लागतो आणि नायक धावू लागतो. हे उपकरण काय सांगते व काय सांगू शकत नाही, याचा विचार केल्यास कथनाच्या अधिक समृद्ध शक्यता हाती येतात.

मराठी विज्ञानकथेत युद्धनौका विरळाच. या उपकरणाचे घर मात्र मराठी लेखकाला परके नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन शीव-चुनाभट्टीस ज्या व्ही. एन. पुरव मार्गावर आहे, तोच मार्ग पुढे चेंबूर, देवनार ओलांडून अणुशक्तिनगरकडे जातो. परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने कथा पाठविली. बाळ फोंडके तर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातच संशोधक होते.

आरंभी एक पारिभाषिक भेद लक्षात घ्यावयास हवा. किरणोत्सर्ग हा पदार्थाचा गुणधर्म. प्रारण म्हणजे बाहेर पडणारी ऊर्जा. अंतराळात सूर्याकडून व दूरच्या ताऱ्यांकडून येणारे प्रारण सदैव असते, नौकेवरील अणुभट्टीची भर त्यात पडते. ‘अवकाशातील किरणोत्सर्ग वाढला’ असे वाक्य म्हणूनच अर्थहीन ठरते.

गायगर गणित्राची टकटक ही वर्तमानकाळाची भाषा आहे. प्रत्येक कणासाठी एक ठोका, आणि ठोक्यानंतर क्षणार्धाची विश्रांती. प्रारण अतितीव्र झाले तर काही गणित्रांना ही विश्रांतीच मिळत नाही व त्यांचे वाचन उलट शून्याकडे घसरते. अशा वेळी शांतता हीच धोक्याची खूण असते! किंचाळणाऱ्या यंत्रापेक्षा हे गप्प झालेले यंत्र कथाकाराच्या कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

शत्रूच्या शोधासाठी लावलेल्या यंत्रांचा इतिहासही असाच बोधक आहे. चोरट्या अणुस्फोटांवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकेने १९६३ पासून ‘वेला’ उपग्रह सोडले. १९६७ साली त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला. तो बॉम्बचा नव्हता. अवकाशातील अशा गॅमा-स्फोटांची वार्ता १९७३ साली प्रसिद्ध झाली. याउलट, सूर्याच्या अभ्यासासाठी १९८० साली पाठविलेल्या अमेरिकी उपग्रहाने सोव्हिएत टेहळणी उपग्रहांवरील अणुभट्ट्यांचे गॅमा किरण पकडले. म्हणजे चालू अणुभट्टी घेऊन निःशब्दपणे शत्रूजवळ सरकणारी नौका ही कल्पना मुळातच लंगडी आहे. आणि जे टिपले ते कोणी धाडले, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही.

‘द रॅथ ऑफ खान’ (१९८२) या चित्रपटात प्रारणाने भरलेल्या कक्षात शिरून स्पॉक नौका वाचवतो व काचेपलीकडे प्राण सोडतो. तेथे मापकाची गरजच भासत नाही. आत काय आहे हे त्याला ठाऊक आहे.

परंतु सर्वांत दुर्लक्षित राहिले आहे ते छातीवरील साधे बिल्ले. ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला कार्यान्वित झाली. भारतात १९७५ पासून वापरात आलेल्या बिल्ल्यात डिस्प्रोशियमचा अंश असलेले कॅल्शियम सल्फेट असते. त्यावर पडलेल्या प्रारणाची ऊर्जा स्फटिकात अडकून राहते. ठराविक मुदतीनंतर प्रयोगशाळेत तो तापविला की अडकलेली ऊर्जा प्रकाशरूपाने सुटते आणि तिच्या प्रमाणावरून मात्रा ठरते. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ही कामगारांसाठीची मर्यादा याच नोंदीवर तपासली जाते.

हा बिल्ला भूतकाळात बोलतो. तो धारण करणाऱ्याला स्वतः वाचता येत नाही, आणि एकदा तापविला की स्फटिकातील नोंद पुसली जाते. उरतो तो केवळ नोंदवहीतला आकडा. नागरी केंद्रात ही वही कामगाराच्या रक्षणासाठी असते. युद्धनौकेवर ती सेनापतीच्या ताब्यात असणार. कोणाची मात्रा मर्यादेच्या किती जवळ आली आहे हे त्यालाच ठाऊक, आणि अणुभट्टीकडे कोणाला धाडायचे हा हुकूमही त्याचाच. बिल्ला छातीवर लावून निघालेल्या सैनिकाला यातले काहीच माहीत नसते.