करंड्याचे झाकण आणि 'कातीव' शब्द

मराठी समीक्षेत 'कातीव' हे विशेषण सढळपणे वापरले जाते. कातीव शब्दकळा, कातीव संवाद, कातीव व्यक्तिरेखा अशा प्रयोगांत त्याचा अर्थ 'कोरीव' किंवा 'रेखीव' याच्या आसपासचा धरला जातो. वस्तुतः कोरणे आणि कातणे या दोन भिन्न क्रिया आहेत. कोरताना वस्तू स्थिर असते आणि हत्यार हलते. कातताना वस्तू स्वतःभोवती फिरते आणि हत्यार टेकवून धरलेले असते. कोरीव कामात कोपरे आणि नक्षी येते. कातकामातून अक्षाभोवती सर्व बाजूंनी सारखा, गोलाईचाच आकार निघतो. कातारी हा शब्द व्यवहारातून मागे पडला, त्याबरोबर हा भेदही पुसट झाला. एखाद्या लेखकाची शैली कातीव आहे असे म्हणताना तिची धार अभिप्रेत आहे की तिची गोलाई, हे त्यामुळे सांगता येत नाही.

हा भेद समजण्यासाठी कुंकवाचा लाकडी करंडा पाहणे सोयीचे ठरते. सावंतवाडीच्या लाखकामात किंवा कर्नाटकातील चन्नपट्टणच्या कामात अशा झाकणाच्या वस्तू मूलतः एकाच पद्धतीने होतात. वाळलेल्या लाकडाचा ठोकळा कातयंत्रावर, म्हणजे आजच्या भाषेत लेथवर, चढवून आधी दंडगोल केला जातो. मग झाकणाचा भाग आतून पोखरून अरुंद हत्याराने वेगळा काढतात. उरलेल्या भागाच्या काठावर झाकण घट्ट बसेल एवढा ओठ ठेवतात. खरे कौशल्य यानंतरचे. झाकण त्या ओठावर दाबून बसवायचे आणि दोन्ही भाग एकत्र फिरवून बाहेरची रेषा एका ओघात उतरवायची. झाकण आणि तळ एकाच ठोकळ्यातले, एकाच क्रमाने राहिले, तर लाकडाच्या रेषाही सांध्यावरून जवळजवळ अखंड जातात. शेवटी तळाचे पोट पोखरायचे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगावर बसते. चन्नपट्टणला तिला केवड्याच्या पातीने चकाकी देतात.

लाकूड ओले राहिले तर सगळे श्रम वाया जातात. लाकूड रेषांच्या दिशेने फारसे आटत नाही, आडवे मात्र बरेच आटते, आणि आडव्यातही सर्वत्र सारखे नाही. त्यामुळे गोल झाकण हळूहळू लंबगोल होते. मग ते अडकते किंवा सैल पडते. म्हणून जाणते कारागीर ओबडधोबड आकार काढून तो वाळत ठेवतात आणि पुन्हा कातयंत्रावर घेतात. (करंड्याचाच संस्कृत अवतार 'करंडक' हा आज क्रीडा व नाट्यस्पर्धांच्या चषकाला लावला जातो, त्या करंडकाला झाकण असतेच असे नाही.)

सूत कातणे आणि लाकूड कातणे यांना मराठीत एकच क्रियापद आहे. संस्कृत धातुपाठात 'कृत्' हा धातू दोनदा येतो, एकदा छेदन या अर्थी आणि एकदा वेष्टन या अर्थी. मराठी क्रियापदाची व्युत्पत्ती कोणत्या धातूकडे न्यायची हा भाषाशास्त्राचा प्रश्न आहे; परंतु कातयंत्रावर दोन्ही क्रिया एकत्र येतात हे उघड आहे. जुन्या कातयंत्रात तर वेष्टन शब्दशः असते. लाकडाच्या दांड्याला दोरीचे वेढे देऊन ती आळीपाळीने दोन्हीकडे ओढली जाते, किंवा धनुकलीने फिरवली जाते. लाकूड एकदा पुढे फिरते, एकदा मागे. हत्यार कापते ते एकाच फेऱ्यात. उलट फेऱ्यात ते किंचित मागे घ्यावे लागते.

हे यंत्र डोळ्यांपुढे नसेल तर एक प्रसिद्ध उपमा अर्धीच कळते. पाली 'सतिपट्ठानसुत्ता'त श्वासाचे भान ठेवणाऱ्या भिक्खूला कुशल 'भमकार' आणि त्याचा शिष्य यांची उपमा दिली आहे. लांब ओढ घेताना ती लांब आहे आणि आखूड घेताना ती आखूड आहे, हे त्याला ठाऊक असते. तेथील क्रियापद ओढण्याचे आहे. इंग्रजी अनुवादांत मात्र 'लांब फेरा', 'आखूड फेरा' अशा अर्थाची योजना रूढ झाली. अखंड एका दिशेने फिरणाऱ्या यंत्रावर वाढलेल्या वाचकाला त्यात श्वासाचे येणे-जाणे दिसणे कठीण. दोरीच्या कातयंत्रात ते आपोआप दिसते.

कालिदासाची दृष्टी वेगळी आहे. 'रघुवंशा'च्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवरातील अवंतीचा राजा त्वष्ट्याने कातयंत्रावर चढवलेल्या सूर्यासारखा शोभतो. या उपमेमागे सूर्याचे तेज तासून कमी केल्याची पुराणकथा आहे. विष्णुपुराणानुसार विश्वकर्म्याने त्याचा आठवा अंश काढला. येथे सौंदर्य घटण्यातून येते. ग्रीसमध्ये इ. स. पूर्व ४११ मध्ये ॲरिस्टोफनीसने एका नाटकात अगाथॉन हा कवी कातयंत्रावर ओळी उतरवतो अशी थट्टा केली. होरेसने मात्र नीट न कातलेल्या ओळी पुन्हा ऐरणीवर नेण्याचा सल्ला गंभीरपणे दिला. कातयंत्र आणि ऐरण यांचा मेळ बसत नाही म्हणून रिचर्ड बेंटलीने १७११ च्या आवृत्तीत पाठच बदलला. त्याची विद्वत्ता मोठी होती, पण रोमन काळात ठोकून घडवलेली धातूची भांडीही कातयंत्रावर साफ केली जात. तेव्हा कवीचे रूपक ठीक होते. टीकाकाराला कारखान्याची माहिती अपुरी होती, एवढेच.

हिंदी-पंजाबी प्रदेशात हे यंत्र 'खराद' या नावाने ओळखले जाते. पंजाबी घरांतील पीढीचे आणि खाटेचे पाय खरादलेले, लाखेने रंगवलेले असत. होशियारपूरचे लाखकाम प्रसिद्ध आहे. त्याच प्रदेशात १९५० च्या दशकात चंदीगढ उभे राहिले, आणि तेथील कचेऱ्यांसाठी पिअर जान्नरे यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या सागवानी खुर्च्यांचे पाय सपाट, कंपासासारखे तिरके आहेत. त्यांना डौलदार म्हणता येईल, कातीव नाही. भाषेने मात्र खराद सोडला नाही. 'खराद पर चढ़ना' या हिंदी वाक्प्रचारात झीज सोसून घडणे आहे, म्हणजे कालिदासाच्या सूर्याची अवस्था. मराठी 'कातीव' फक्त तयार वस्तूकडे पाहते. त्यामुळे हा वाक्प्रचार मराठीत आणताना 'कसोटीला लागणे' असे केले तर अर्थ बिघडतो, कारण कसोटीवर सोन्याची परीक्षा होते, त्याचा आकार बदलत नाही. 'सहाणेवर चढणे' त्यापेक्षा जवळचे आहे. तरी त्यात घासणे येते, फिरणे येत नाही.