बटाट्याला कोण सांगतं, आता पोसायला लाग?

पेठ, कुरवंडी, भावडी… आपलं सातगाव पठार म्हणजे खरिपाचा बटाटा. या बटाट्याचं एक कोडं उलगडलं ते एका तणामुळे! आपल्या बांधावर ते सापडायचं नाही. थंड मुलखातलं आहे, भारतात हिमालयात आढळतं. नाव अरॅबिडॉप्सिस थॅलियाना. मोहरीच्या कुळातलं, वीतभर उंच, इवली पांढरी फुलं. खायच्या कामाचं नाही, विकायच्या तर नाहीच. पण बी ते बी सहा-आठ आठवड्यांत, एका रोपाला हजारो बिया आणि गुणसूत्रांच्या जेमतेम ५ जोड्या. म्हणून जनुकशास्त्रज्ञांनी त्याला डोक्यावर घेतलं. २००० साली संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेली ही पहिली वनस्पती.

याच तणात 'एफटी' हे जनुक सापडलं. दिवस किती मोठा हे पानं ओळखतात, पानात एफटीचं प्रथिन बनतं, अन्नरसाबरोबर शेंड्याला पोचतं आणि तिथे कळी धरते. मग २०११ मध्ये कळलं, बटाट्यात याचाच एक भाऊबंद आहे, 'एसपी६ए'. हा पठ्ठ्या पानातून निघून उलटा खाली जातो आणि मातीतल्या फुटव्याच्या टोकाला बटाटा धरायला लावतो. फुलाचा निरोप्या आणि बटाट्याचा निरोप्या एकाच घराण्यातले, मला तर हे भारीच वाटतं!

पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये अंजन बॅनर्जी यांनी बटाट्यातल्या अशाच फिरत्या निरोपांवर, म्हणजे पानातून खाली जाणाऱ्या आरएनएवर काम केलंय.

आणि रात्री उकाडा असला की पाला माजतो, बटाटा बसत नाही, हे जुन्या शेतकऱ्यांना ठाऊकच आहे. उष्णतेत एसपी६ए कमी बनतं, हे आता प्रयोगांतही दिसलंय.