बापाचं खरं चित्र

इंग्लिश चित्रकार मिलेच्या 'द ब्लॅक ब्रन्स्विकर' (१८६०) या चित्रात वॉटर्लूच्या लढाईला निघालेला सैनिक दार उघडू पाहतोय आणि त्याची प्रेयसी ते लोटून बंद धरतेय. तिच्या फिकट सॅटिनच्या झग्याची एकेक चुणी मिलेनं अशी रंगवली आहे की सैनिकाकडे लक्ष उशिराच जातं. प्रत्यक्षात ही दोघं एकत्र कधी उभी राहिलीच नाहीत. ती मुलगी एका लाकडी पुतळ्याला बिलगून उभी असायची आणि सैनिक झालेला शिपाई दुसऱ्या वेळी दुसऱ्या पुतळ्याला धरून. ती मुलगी म्हणजे चार्ल्स डिकन्सची वीस वर्षांची लेक, केटी. कलेच्या इतिहासात तिची ओळख बरीचशी या चित्रापाशीच थांबते. ती स्वतः पन्नासेक वर्षं हातात कुंचला धरून होती, ही गोष्ट मागे पडली.

केटीचा जन्म २९ ऑक्टोबर १८३९चा. नट विल्यम मॅक्रेडी हा डिकन्सचा जिवलग मित्र, म्हणून त्याचं आडनावही तिच्या नावात घातलं. स्वभाव असा तापट की घरात तिला 'ल्युसिफर बॉक्स' म्हणत. ल्युसिफर म्हणजे त्या काळच्या आगकाड्या. मुलांच्या बाबतीत डिकन्स चमत्कारिक होता. मुलगे एकामागून एक परदेशी धाडले. त्यांतला वॉल्टर १८५७ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८६३च्या अखेरच्या दिवशी कलकत्त्यात वारला. केटीला मात्र त्यानं बाराव्या वर्षीच बेडफर्ड कॉलेजात चित्रकला शिकायला घातलं. मुलींच्या उच्च शिक्षणासाठी लंडनमध्ये निघालेलं ते कॉलेज तेव्हा अवघं तीन वर्षांचं होतं. हे श्रेय डिकन्सला द्यायलाच हवं.

मग १८५७ आलं. 'द फ्रोझन डीप' या नाटकात घरच्या रंगमंचावर केटी आणि तिची बहीण मेमी काम करत होत्या. प्रयोग मँचेस्टरच्या मोठ्या सभागृहात न्यायचा ठरल्यावर घरच्या मुलींच्या जागी व्यावसायिक नट्या आल्या. त्यांत होती अठरा वर्षांची एलन टर्नन, केटीहून जेमतेम काही महिन्यांनी मोठी. तिच्यात गुंतलेल्या डिकन्सनं पुढच्या वर्षी बायकोला, कॅथरिनला, वेगळं राहायला लावलं. दहा मुलांच्या आईबरोबर फक्त थोरला मुलगा गेला. धाकटी मावशी जॉर्जिना डिकन्सच्याच घरी राहिली. म्हातारपणी केटीनं सांगितलेल्या आठवणींत एक फार बोचणारी आहे: आईच्या घरासमोरच मुलींची गाण्याची शिकवणी असायची, तरी त्या रस्ता ओलांडून आईकडे जात नसत. आपण आईची बाजू घेतली नाही, हे आपल्या सगळ्यांचं पाप, असं तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

१७ जुलै १८६० रोजी तिनं चार्ल्स कॉलिन्सशी लग्न केलं. तो कादंबरीकार विल्की कॉलिन्सचा भाऊ, स्वतः चित्रकार, प्रकृतीनं अगदी नाजूक. लग्नाला आई नव्हती. रात्री पाहुणे गेल्यावर डिकन्स लेकीच्या खोलीत तिच्या लग्नाच्या झग्यात तोंड खुपसून रडत होता. आपल्यामुळेच तिनं घर सोडलं, असं तो म्हणाला. १८७३ मध्ये कॉलिन्स कर्करोगानं गेला. नंतर तिनं कार्लो पेरुजिनी या इटालियन वंशाच्या चित्रकाराशी लग्न केलं आणि ते सुखाचं झालं. त्यांचा एकुलता मुलगा सात महिन्यांचा होऊन गेला.

१८७७ पासून रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागू लागली. बहुतेक लहान मुलांची. स्वच्छ प्रकाश, पोशाखाच्या कापडावरचं प्रेम, मुलांच्या चेहऱ्यावरचा किंचित कंटाळा; हात सधलेला होता. तरी त्या चित्रांत ती धोका पत्करत नाही, असं मला वाटतं. लोकांना हवं ते गोड ती देते. ल्युसिफर बॉक्समधली काडी तिनं ओढली ती शब्दांतून, बापाचं चित्र रेखाटताना.

डिकन्सनं आईला लिहिलेली पत्रं आईनं १८७९ मध्ये मरताना केटीकडे सोपवली. कधीकाळी नवऱ्याचं आपल्यावर प्रेम होतं हे जगाला कळावं, एवढीच तिची इच्छा. पत्रं जाळावीत की ठेवावीत, या पेचात केटी बरीच वर्षं होती. तिनं नाटककार बर्नार्ड शॉला विचारलं. पुढची पिढी नवऱ्याची नव्हे, बायकोची बाजू घेईल, असं त्यानं पटवलं. १८९९ मध्ये पत्रं ब्रिटिश म्युझियमकडे गेली, मुलांच्या हयातीत उघडायची नाहीत या अटीवर. ती १९३५ मध्ये छापली गेली. स्वतः लिहायला घेतलेलं बापाचं चरित्र मात्र तिनं जाळून टाकलं. अर्धं खरं सांगायचं नव्हतं, आणि पूर्ण सांगितलं तर आपल्या हयातीत घर पेटलं असतं.

पण बोलायची ती थांबली नाही. ग्लॅडिस स्टोरी या तरुण मैत्रिणीला तिनं सगळं सांगितलं: एलन टर्नन, तिचं आणि डिकन्सचं तान्हेपणी गेलेलं मूल, आईचे हाल. आणि त्याच दमात बापावरची मायाही. मरणाआधीच्या जून १८७० मधल्या एका रात्री तो पहाटेपर्यंत तिच्याशी बोलत बसला होता आणि आपण बाप म्हणून, माणूस म्हणून अधिक चांगलं असायला हवं होतं, असं म्हणाला होता. हे दोन्ही तिनं शेजारी शेजारी ठेवलं. बापाला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांना आणि त्याला नुसता खलनायक करणाऱ्यांना तिच्याकडून काहीच मिळत नाही.

९ मे १९२९ रोजी केटी वारली. तिच्या या आठवणींचं स्टोरीचं पुस्तक १९३९ मध्ये आलं तेव्हा डिकन्सभक्त तुटून पडले. म्हाताऱ्या शॉनं 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'ला पत्र धाडून कळवलं की ही हकिगत केटीनं आपल्याला चाळीसेक वर्षांपूर्वीच सांगितली होती. क्लेअर टोमॅलिननं १९९० मध्ये एलन टर्ननचं चरित्र लिहिलं, त्यात केटीची साक्ष अशीच कामी आली.